तिसऱ्या धड्यातली बाई

माझ्या वर्गात तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बायका हसतात. आठ वर्षांत हे कधी चुकलेलं नाही. पहिल्या दिवशी त्या बिचकलेल्या असतात, दुसऱ्या दिवशी कंटाळलेल्या, आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना अकोल्याच्या अडाणी बाईची गोष्ट सांगते. मग त्या हसतात, सैल होतात आणि पुढचे दोन दिवस मी म्हणेन तसं ऐकतात. त्या बुधवारी वर्गात सोळा बायका होत्या आणि हसल्या पंधराच. मोजायची मला खोड आहे. दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेली एक म्हातारी हसली नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, मांडीवरचे हातमोजे एकावर एक ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला चाललं असतं. आठ वर्षं बायकांचे राग पाहतेय मी, त्यावर माझ्याकडे औषध आहे. ही नुसती ओळख असल्यासारखं पाहत होती. मी गोष्ट पुढे रेटली, पण माझी जीभ एका जागी अडखळली, आणि ते तिच्या लक्षात आलं हेही मला कळलं.

आमचं प्रशिक्षण केंद्र अमरावतीच्या राजापेठेत आहे, एका चपलांच्या दुकानाच्या वर. समोर तीन शिकवणी वर्ग, खाली दिवसभर गाड्यांचे हॉर्न. ज्या बायकांनी वीस-वीस वर्षं फरशा पुसल्या त्यांना मी पाच दिवसांत फरशी पुसायला शिकवते. यात हसण्यासारखं काही नाही, सरकारी योजना आहे. लाल फडकं संडासाला, पिवळं बेसिनला, हिरवं स्वयंपाकघराला, निळं बाकी सगळ्याला. पोछा आठच्या आकड्यासारखा फिरवायचा आणि मागं मागं येत दाराशी संपवायचं. बाटलीवरचं वाचल्याशिवाय बूच उघडायचं नाही. हे सगळं मी पडद्यावर चित्रं दाखवून शिकवते आणि शेवटी नागपूरहून परीक्षक येतो. पास झालं की फोटोचं प्रमाणपत्र. पूर्वी ते नसलं तरी चालायचं. आता मोठे दवाखाने ठेकेदारांना बजावतात की प्रमाणपत्र नसलेली बाई गेटच्या आत नको. त्यामुळे हल्ली माझ्या वर्गात बायका हात जोडून येतात, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं.

गोष्ट अशी आहे. अकोल्यात एक दवाखाना होता, तिथं एक सफाईवाली होती. अक्कल थोडी आणि हौस दांडगी. मोठ्या डॉक्टरांची फेरी होती म्हणून तिला संडास आरशासारखा करायचा होता. बादलीत ॲसिड ओतलेलं होतंच. तेवढ्यानं भागेना म्हणून बाईनं ब्लीचिंग पावडरचा अख्खा डबा त्यात उपडा केला. इथं मी कमरेवर हात ठेवते, मान वाकडी करते आणि तिचा आवाज काढते, "डबल पावर पायजे नं जी! झ्याक झालं पायजे!" इथं हशा. मग मी आवाज खाली आणते. बादलीतून हिरवट पिवळा वायू निघाला. सोबतची बाई आत होती. ती वाचली, पण तिची फुप्फुसं गेली आणि अकरा वर्षं खोकून खोकून ती मेली. हॉल चिडीचूप होतो. मी विचारते, "म्हणून?" आणि सगळ्या एका सुरात ओरडतात, "मिसळायचं नाही!" ही गोष्ट आमच्या पुस्तिकेत माझ्या नावानं छापलेली आहे, तिसऱ्या धड्यात, चौकटीत. वर लिहिलंय, सत्यघटना. जिल्ह्याचा उत्कृष्ट प्रशिक्षकाचा मानही मला या चौकटीनंच मिळाला असं आमचे संचालक म्हणतात, आणि ते क्वचित खरं बोलतात त्यातलं हे एक आहे.

त्या म्हातारीचं नाव तीन दिवस माझ्या हजेरीच्या यादीत होतं. मी वाचलं नव्हतं. मी डोकी मोजते, नावं वाचत नाही. वर्गात सगळ्यांना मावशी म्हणते. अकोल्याच्या त्या दवाखान्यातही सगळ्या सफाईवाल्यांना मावशीच म्हणत, तेव्हा मला फार राग यायचा, माझ्या आईला केशरबाई असं छान नाव असताना कुणीही उठून मावशी कसं म्हणतं म्हणून. चहाच्या सुट्टीत मी यादी काढली. सातव्या क्रमांकावर ती होती. तानुबाई नत्थुजी. पुढे अंगठ्याच्या जागी तीन दिवस यंत्रानं फुलीच दिली होती. तिची बोटं झिजून गुळगुळीत झाली होती, रेषाच उरल्या नव्हत्या, म्हणून यंत्र तिला ओळखत नव्हतं. मी मात्र ओळखलं. एकोणतीस वर्षांनी, समोरचे दात पडलेले, केस पांढरे झालेले, तरी ओळखलं.

सत्यघटना वेगळी आहे. मी नऊ वर्षांची होते. शाळा सकाळची असायची, बाप नव्हता, घरी कुणी नव्हतं, म्हणून आई मला दुपारी दवाखान्यात घेऊन यायची. ते चालत नसे. मुलं आणायची नाहीत असा तिथं हुकूम होता. मागच्या जिन्याखाली पोत्यावर मी पाढे लिहीत बसायची आणि कुणी साहेब आला की आईच्या सोबतीची तानामावशी, म्हणजे हीच तानुबाई, समोर बादली उभी करून मला झाकायची. रोग्यांना भेटायला येणारे वरूडची संत्री आणत. अर्धी तशीच राहून जात. त्यातली दोन-तीन रोज तानामावशीच्या ओच्यातून माझ्याकडे यायची. तिला मूल नव्हतं तेव्हा. आई कमी बोलणारी, हट्टी, शिक्षणापायी वेडी. घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली तिनं माझी वह्या ठेवायची फळी ठोकली होती. आणि तानामावशी बडबडी, सारखी हसणारी. दोघींचं मेतकूट होतं. त्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानात आकाशपाळणा आला होता आणि आईनं कबूल केलं होतं की काम लवकर उरकलं तर नेईन. पण मोठ्या डॉक्टरांची फेरी निघाली. खालच्या मजल्यावरचा संडास घासायला आई आत बसली होती, बादलीत ॲसिड होतं, ब्रश आणायला ती आतल्या कोपऱ्यात वळली होती. मी जिन्याखालून उठले. ॲसिड आणि पावडर, दोन्हींनी फरशी पांढरी होते हे मी रोज पाहत होते. दोन्ही एकत्र केली तर दुप्पट लवकर होईल, एवढा साधा हिशेब. मी पावडरचा डबा उचलला, बादलीत उपडा केला, आणि डॉक्टरांना दिसू नये म्हणून बाहेर येऊन दार ओढून घेतलं. गणितात मला नेहमी पैकीच्या पैकी पडत.

दाराला आतून धक्का बसला तेव्हाचा आवाज मला आठवत नाही असं मी स्वतःला सांगते. मला वास आठवतो. तानामावशी तोंडाला पदर बांधून आत शिरली आणि आईला पायांना धरून ओढत बाहेर आली. माणसं धावली, स्ट्रेचर आलं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या हाताला पावडर लागलेली होती. तानामावशीनं ती पाहिली. एक क्षण माझ्याकडे, एक क्षण डब्याकडे. मग तिनं माझे हात आपल्या लुगड्याला खसाखसा पुसले, मला जिन्याखाली ढकललं, हातात एक संत्रं दिलं आणि म्हणाली, "तू काई केलं नाई. समजलं? तू इथं नोतीच." वर जाऊन तिनं साहेबांना सांगितलं की पावडर आपणच टाकली. मुलगी कामावर आणली आणि मुलीनं हे केलं असं कळलं असतं तर आईला शुद्धीवर येण्याआधीच काढून टाकलं असतं. तिनं हिशेब केला. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. तिला त्याच संध्याकाळी काढलं. मी जिन्याखाली बसून संत्रं खाल्लं. सगळं खाल्लं.

आई तीन आठवड्यांनी घरी आली. तिला जे सांगितलं गेलं तेच तिला माहीत. तानीनं पावडर टाकली. महिन्याभरानं तानामावशी आमच्या घरी आली, दारात उभी राहिली, आणि आईनं हातातला पाण्याचा लोटा तिच्या अंगावर फेकला. "निंग इथून! माहा जीव घेतला तुनं!" बोलता बोलता आईला खोकल्याची ढास लागली. मी दाराआड होते. तानामावशीचं कपाळ फुटलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडं थांबली, मला वाटतं मला वेळ देत होती. मी आईच्या पाठीवरून हात फिरवायला आत गेले. त्यानंतर अकरा वर्षं मी तो हात फिरवला. अकरा वर्षं आई खोकायची आणि ढास संपली की तानीला शिव्या द्यायची, आणि मी म्हणायची, आई, शांत हो. शेवटच्या वर्षी ती म्हणायची, "तू होतीस म्हणून मी तगली व माय." मी एकदाही तोंड उघडलं नाही. आधी भीती वाटत होती, मग उशीर झाला होता, आणि मग तर आई तानीवरच्या रागावर जगत होती असं मला वाटायला लागलं, तेव्हा तो राग तिच्याकडून काढून घेणं बरं दिसलं नसतं. असलं काहीतरी माणूस स्वतःला सांगतो.

चहाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. बाकीच्या बायका गॅलरीत होत्या. "केसरची रश्मी नं तू?" मी यादीवरून मान वर केली नाही. म्हटलं, "मावशी, वर्गात मॅडम म्हणायचं असतं." "हो जी. चुकलं." ती गेली नाही. पायावर पाय घासत उभी राहिली. हळूच म्हणाली, "केसर कशी हाये, मॅडम?" तिला माहीत नव्हतं. गोष्टीतली बाई मेली हे तिनं अर्ध्या तासापूर्वी ऐकलं होतं, सगळ्या बायकांसोबत, हशा संपल्यावर, पण ती गोष्ट असेल, गोष्टीत बायका मरतात, खरी केसर कुठंतरी असेल असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "वारली. अठरा वर्षं झाली." तिनं टेबलाची कड धरली. ती बोटं, रेषा नसलेली. "खोकल्यानंच?" "हो." मग तिनं विचारलं, "माह्यावर राग होता का व तिचा? आखरीपावतर?" तेव्हा मला एक शब्द बोलता आला असता. नाही. एवढा एकच. खोटं बोलले असते तरी कुणाचं काय गेलं असतं. मी म्हटलं, "होता." ती म्हणाली, "बराबर हाये." आणि जागेवर जाऊन बसली. तिनं मला काही विचारलं नाही. डबल पावर कुणाचं होतं, तिचा आवाज मी कुठून उचलला, काही नाही. याचाच मला राग आला. माणसानं निदान भांडावं.

उरलेला दिवसभर मी तिला पाहत होते. सोळा जणींत तिच्यासारखं काम एकीचं नव्हतं. पोछ्याचं पाणी ती असं पिळायची की थेंब राहत नसे. कोपरे आधी, मग मधलं, हे तिला चित्र न पाहता येत होतं. बाटली उघडताना मात्र लेबल वाचायच्या ऐवजी बूच जरासं सैल करून लांबून वास घ्यायची आणि म्हणायची, हे फिनेल, हे काचेचं, हे ते हरामखोर. मी सगळ्यांसमोर तिला थांबवलं. "मावशी, नाक म्हणजे लेबल नाही. वास घेऊन बाटली ओळखायची असेल तर कुत्रा ठेवला असता दवाखान्यानं." बायका हसल्या. तीही हसली यावेळी, पदर तोंडाला लावून, आणि म्हणाली, "हो जी, मॅडम सांगतात ते खरं हाये." मग तिनं लेबलांवरची चित्रं पाठ केली. कवटी, ज्वाळा, हात जळलेला. रात्रीतून पाठ करून आली. नातवाकडून वहीत काढून घेतली होती म्हणे. तिनं वही मला दाखवली. मी पाहिली आणि परत दिली, बरं म्हटलं.

चौथ्या दिवशी बाकीच्या निघून गेल्यावर ती पुन्हा थांबली. खाली एका शिकवणीची पोरं सुटली होती, त्यांचा गलका वर येत होता. तिनं आधी आपली हकिकत सांगितली. अकोल्यातून काढल्यावर कुणी ठेवेना, मग मूर्तिजापूरला भावाकडे शेतात निंदण खुरपण, मग अमरावती. इथल्या दवाखान्यात एकोणीस वर्षं. मुलगा उशिरा झाला, आता तो बायकोचा. "एक तारखेपासून बिनकागदाच्या बाईले गेटमदी घेत नाई म्हून राह्यला ठेकेदार. हे काम गेलं तं मी काय करू, मॅडम? सुनेच्या डोळ्यासमोर बसू दिवसभर? ते मले भाकर देते, पन देतानी पाह्यते." मग ती मुद्द्यावर आली. परीक्षक तोंडी प्रश्न विचारतो, त्यात एक नेमका असतो, कामावर पाहिलेली किंवा झालेली एक धोक्याची चूक सांगा. बायकांना मी सांगून ठेवलेलं असतं, ओल्या फरशीची पिवळी पाटी लावली नाही असं सांगा, पुढं पाटी लावायला लागले असं सांगा, गुण मिळतात. मी तानुबाईलाही हेच सांगायला हवं होतं. तिनं विचारलं, "थ्यो चुकीचा सवाल आला तं मी काय सांगू? मले दुसरं काई आठवतच नाई. थेच आठवते." मी पर्स भरत होते. म्हटलं, "वर्गात जी गोष्ट सांगितली तीच सांगायची." "तशीच?" "तशीच." "म्हंजे ते बाई..." ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, दाराआडच्या पोरीकडे पाहिलं होतं तसं. मी चेन लावली. "गोष्ट पुस्तकात छापलीय, मावशी. त्यात बदल करायचा नाही. आपण आपलं वाढवायला जायचं नाही." "समजलं," ती म्हणाली. मला वाटतं ती खरंच समजली. मीच तेव्हा समजायचं नाही असं ठरवलं होतं. परीक्षकांच्या नियमावलीचं चौथं पान मला तोंडपाठ आहे, दर बॅचला मीच ती छापून देते. उमेदवारानं घातक रसायनं स्वतः मिसळल्याचं सांगितलं तर थेट नापास, बाकीचे गुण पाहायचे नाहीत. मी ते विसरले होते. असं मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते जवळजवळ खरं झालंय.

परीक्षक शिवम नावाचा पोरगेलासा माणूस होता, नागपूरहून सकाळच्या गाडीनं आलेला, डोळ्यांत झोप, हातात टॅब. चांगला होता. बायकांना बसा म्हणायचा. तानुबाईची प्रात्यक्षिकं पाहून तो माझ्याकडे वळून म्हणाला, "यांनीच आपल्याला शिकवायला पाहिजे, मॅडम." मी हसले. तिनं चारही फडकी बरोबर घेतली, बाटलीवरची कवटी दाखवून बूच न उघडता बाजूला ठेवली, मागं येत येत दाराशी पुसणं संपवलं आणि पाटी लावली. सरळ पास होत होती. मग त्यानं तो प्रश्न विचारला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. शाळेतल्या पोरीसारखी हात मागे बांधून उभी राहिली आणि सुरू झाली. अकोल्यात एक दवाखाना होता. तिथं एक बाई होती, अक्कल थोडी आणि हौस दांडगी. माझे शब्द, माझे थांबे. बादलीशी आली तेव्हा तिनं कमरेवर हातसुद्धा ठेवला. डबल पावर पायजे नं जी, म्हणाली, हळू आवाजात, चेष्टेचा सूर न लावता. सोबतची बाई अकरा वर्षं खोकून मेली, म्हणाली. आणि शेवटी, "ते अडानी बाई मीच होय, साहेब. तवापासून मी कदी मिसळलं नाई."

शिवमचं बोट टॅबवर थांबलं. त्यानं पुस्तिकेतली चौकट उघडून पाहिली, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला बाहेर बसायला सांगितलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मॅडम, ही तर तुमचीच गोष्ट आहे. आजींनी पाठ करून स्वतःच्या अंगावर घेतली असणार. बाया करतात असं. मी हा लाल चौकोन दाबला की पुढचं सगळं बंद होतं. तुम्ही शेऱ्यात एक शब्द लिहा, ऐकीव. विषय संपला. एवढं चांगलं काम करते बाई." त्यानं टॅब माझ्यापुढे सरकवला. शेऱ्याची जागा रिकामी होती. लिहायचा तो शब्द चार अक्षरांचासुद्धा नव्हता. आणि मला एकाच वेळी अनेक गोष्टी दिसल्या. ऐकीव लिहिलं तर तो उद्या विचारेल, मग मूळ बाई कोण, तुम्हाला कुणी सांगितली, सत्यघटना कशी. मग कुणीतरी अकोल्याला फोन करेल. मग सोबतची बाई कोण, तिला मुलगी होती का. पुढची पन्नास पावलं मला दिसली. आणि त्याहून वाईट, मला असंही वाटलं, आणि हे लिहिताना माझा हात थरथरत नाही याची मला लाज वाटते, की आज ही सगळ्यांसमोर कबूल झाली आहे, कागदावर येते आहे, आता ते कायमचं तिचं झालं. एकोणतीस वर्षांनी माझ्या हातांची पावडर गेली. मी टॅब परत सरकवला. म्हटलं, "मी त्यांना ओळखत नाही, सर. त्या म्हणतात केलं, तर केलं असेल." त्यानं विचारलं, "नक्की?" "सुरक्षेचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "उद्या दवाखान्यात काही झालं तर?" त्यानं लाल चौकोन दाबला. सवयीनं केलं, चहा प्यायला, पुढच्या बाईला बोलावलं.

निकाल लगेच सांगत नाहीत, दहा दिवसांनी फोनवर येतो. संध्याकाळी बायकांनी सगळ्यांचा मिळून फोटो काढला. मी पायऱ्या उतरत होते तर ती खालच्या पायरीवर थांबलेली. पदराच्या गाठीतून तिनं एक संत्रं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. तिचा चेहरा उजळला होता, दात नसलेलं सगळं तोंड भरून हसत होती. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून म्हणाली, "बराबर सांगतलं नं व पोरी? तुनं शिकोलं तसंच सांगतलं. एक शबुद इकडचा तिकडं नाई होऊ देला." मी म्हटलं, "हो. बरोबर सांगितलं." "मंग झाली म्हनाव पास." ती जिन्याच्या कठड्याला धरून उतरली. रस्ता ओलांडताना गाड्यांकडे हात दाखवत गेली, सगळ्यांना थांबा म्हणत. संत्रं मी बसमध्ये सीटवर ठेवलं आणि उतरताना तसंच राहू दिलं.

एक तारखेला ती आली होती असं आमच्या शिपायानं सांगितलं. मी वर होते, खाली गेले नाही. गेटवरून परत पाठवलं म्हणून विचारायला आली होती. फोन पुढे करत होती, त्यावर काहीतरी लाल आलंय ते काय आहे वाचून द्या म्हणत होती. शिपायानं वाचून दिलं. गंभीर सुरक्षा चूक, कबुलीसह. त्यानं मला सांगितलं की म्हातारीनं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "मॅडमनं सांगतल्यावरबी असंच झालं काय?" तो म्हणाला, मॅडम काय करतील, मशीनचं काम असतं. तिला ते पटलं. पटलं, हे त्यानं मुद्दाम सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. जाताना म्हणाली म्हणे, मॅडमले काई बोलू नोका, तिले उगा वाईट वाटन. दुपारपर्यंत खाली चपलांच्या दुकानाच्या सावलीत बसली होती. घरी जायची वेळ होईपर्यंत बसली असणार. सुनेला अजून सांगितलं नसेल. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला कारण पडद्यावरची चित्रं नीट दिसत नव्हती.

नवी बॅच सोमवारी सुरू झाली. अठरा बायका. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मी गोष्ट सांगितली. आता तिला शेवटी दोन वाक्यं जोडलीत, आणि ती फार परिणाम करतात. त्या बाईनं पुढं स्वतः कबूल केलं, मी म्हणते, परीक्षकासमोर, आपल्या तोंडानं. तिच्यावर कुणीही जबरदस्ती केली नव्हती. बायका च् च् करतात. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघते आहे, संचालकांनी ती वाक्यं घालायला सांगितली आहेत. आणखी एक बदल मी केला आहे. गोष्ट सुरू करण्याआधी मी हजेरीची यादी हातात घेते आणि एकेक नाव मोठ्यानं वाचते, पूर्ण नाव, गावासकट. आरती, माणिकबाई, चंदा, मनकर्णा. प्रत्येकीचा चेहरा नीट पाहते. बायकांना ते फार आवडतं. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना नावानं हाक मारली नव्हती, असं एकजण परवा रडत म्हणाली. सगळी नावं अनोळखी निघाली की मग मी कमरेवर हात ठेवते.